असाल तसेच राहून उत्तर द्यावे

तीर्थरूप ताई हिस,

धाकटीचा नमस्कार. एरवी दोन्ही गुडघे टेकून केला असता. पण डावा सध्या टेकत नाही आणि उजव्याला एकट्याने टेकायची लाज वाटते, तेव्हा खुर्चीतूनच मान जितकी वाकते तितकी वाकवून केला आहे असं समज. इकडे सगळं ठीक. तुझी तब्येत कशी आहे? झोप लागते का? (हे मी विचारते आहे, यंत्र नाही. तेव्हा शून्य ते दहामधला आकडा सांगू नकोस, नीट शब्दांत कळव. यंत्राचं काय ते पुढे येईलच.)

तुझं पत्र पोचलं. ते बघून आधी मला हसू आलं आणि मग आलं नाही. तुझ्या अक्षराच्या वह्या शाळेत पाहुण्यांना दाखवायला काचेच्या कपाटात ठेवत असत, आणि त्याच अक्षराच्या ओळी आता एकमेकींच्या अंगावर चढल्या आहेत, शेवटचा परिच्छेद तर पाकिटावरच्या पत्त्यासारखा तिरका उतरत गेला आहे. त्यावरून तुझ्या मोतीबिंदूची प्रगती मला डॉक्टरांपेक्षा चांगली समजली. आणि तरी तू लिहितेस की 'तू येऊन उशाशी बसल्याशिवाय मी डोळ्याला कुणाला हात लावू देणार नाही.' शिवाय असंही लिहितेस की मी येणार म्हणून तू शाळेची पितळी घंटा शोधून काढलीस, चिंचेने घासून लखलखीत केलीस आणि उशाशी ठेवलीस, डोळ्यावर पट्टी असताना मला बोलवायला बरी. ताई, त्या घंटेबद्दल मला काही बोलायचं आहे. पण ते शेवटी. आधी मी अजून का आले नाही ते सांगते, म्हणजे तू रुसली असशील तर थोडी हसशील. (फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. तरीही लागलं नाही तर तुझ्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडून वाचून घे. त्यांनाही माझा नमस्कार सांग.)

तर माझा डावा गुडघा. तुला ठाऊकच आहे की तो कुरकुरत असतो. मी त्याच्याकडे लक्ष देत नव्हते, कारण लक्ष दिलं की माणसं असोत की सांधे, लाडावतात. पण मी तुझ्याकडे यायची बॅग भरायला घेतली आणि कपाटाच्या खालच्या खणातून स्वेटर काढायला बसले ती उठेचना. तुझे मेहुणे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी हाक मारली नाही. (शाळेतल्या मोठ्या मदर म्हणायच्या तसं, सभ्य मुलगी मदतीची वाट बघते, मागत नाही.) बऱ्याच वेळाने चहा का आला नाही हे बघायला ते आत आले, तेव्हा मी खणाला धरून बसले होते आणि सगळे स्वेटर तिसऱ्यांदा घडी घालून झाले होते. ह्यांनी मला उठवलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला. तुला माहीत आहे, ह्यांची अख्खी नोकरी पुलांच्या तपासणीत गेली. गुडघा काय आणि पूल काय, ह्यांच्या लेखी सांधा तो सांधा. तपासणी पुरी होऊन कागद हातात पडेपर्यंत वाहतूक बंद. मी म्हटलं, अहो, ताई खोळंबली आहे, ती डोळ्याला हात लावू द्यायची नाही. तर म्हणाले, "पूल पडल्यावर पलीकडची माणसं जास्त खोळंबतात."

मग हाडांचे डॉक्टर. भला माणूस आहे, पण सगळं तुटक बोलतो, जणू शब्दांचंही प्लास्टर काढायचं आहे. त्यांनी फोटो काढला, उजेडात धरला आणि म्हणाले की फोटोवरून सांगता येत नाही, गुडघा तसा झिजलाय, पण याहून झिजलेले गुडघे टेकड्या चढतात आणि याहून बरे गुडघे अंथरुणात रडतात. मुख्य प्रश्न एवढाच, की नुसतं बसलेलं असताना, आडवं पडलेलं असताना दुखतो का? तसा दुखत असेल तर ऑपरेशन, आणि लवकर. फक्त उठता-बसता दुखत असेल तर व्यायाम, काठी, आणि जा बहिणीकडे. मी म्हटलं, "उठताना दुखतो." ते म्हणाले, असं सगळेच सांगतात, ज्याला प्रवासाला जायचं असतं तो हमखास सांगतो. आणि त्यांनी मला शेजारच्या खोलीत एका मुलीकडे पाठवलं.

ह्या मुलीचं नाव मी 'आकडेवाली' ठेवलं आहे. विशीतली असेल, केस आखूड, बुटाची नाडी कायम सुटलेली. (दोनदा मीच बांधायला वाकणार होते, पण पुन्हा उठायचं कसं हा प्रश्न होता.) ती संशोधन करते. माणसाचं अंग दुखतं तेव्हा त्याच्या मनात काय चाललेलं असतं, काळजीने दुखणं वाढतं का, सोबत असली की कमी होतं का, असं. आता हे आपल्या आईला कुणी विचारलं असतं तर तिने भाजी निवडता निवडता सांगितलं असतं, पण त्याला संशोधन म्हणत नाहीत. आकडेवाली म्हणाली की माणसांना आठवड्याच्या शेवटी विचारलं तर ती काहीही सांगतात, शेवटचा दिवस चांगला गेला की अख्खा आठवडा चांगला. म्हणून तिने मला एक इलेक्ट्रॉनिक डायरी दिली. डायरी कसली, साबणाच्या वडीएवढी डबी. ती दिवसातून कधीही, आपल्या मर्जीने वाजते आणि चार प्रश्न विचारते. आत्ता काय करत होतात? कोणासोबत आहात? आत्ता किती दुखतंय, शून्य ते दहा? मन कसं आहे? या शेवटच्या प्रश्नाला पाच चेहरे काढलेले आहेत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, त्यातल्या एकाला बोट लावायचं. आणि सगळ्यात खाली एक चौकोन: आणखी काही सांगायचं आहे का?

आकड्यांवरून आमचा पहिल्याच दिवशी घोळ झाला. आपल्याला मार्कांची सवय कशी ते तुला माहीत आहे. दहापैकी दहा मोठ्या मदर कुणालाच देत नसत. दहा देवाचे, नऊ त्यांचे, आठ अगदी गुणी मुलीचे. तेव्हा मी तिच्यासमोर सरावासाठी उत्तर दिलं तेव्हा गुडघा गप्प होता म्हणून खुशीने आठ दिले. ती दचकली. मग म्हणाली, "काकू, हे बक्षीस नाहीये. शहाण्यासारखा वागला की कमी द्यायचे." हे मला पटायला वेळ लागला, पण पटलं. चेहऱ्यांमधला मी मधला निवडला. तो रडत नव्हता, हसतही नव्हता, हात बाकावर ठेवून बसलेल्या मुलीसारखा दिसत होता.

डबी कशी वाजावी हेही आपणच ठरवायचं असतं. तिच्यात पाखरू होतं, पाणी होतं, बासरी होती. पाखराकडे मी लक्ष दिलं नाही कारण खिडकीबाहेर खरी पाखरं आहेत, पाण्याने मी दोनदा नळ बघून आले, आणि बासरी मला शेजारच्यांचा रेडिओ वाटली. शेवटी यादीत तळाला 'घंटा' होती. लावली. आणि ताई, काय सांगू! टण्ण करून जी वाजली, ती थेट आपल्या वरच्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यातली. मला फरशीच्या पॉलिशचा वास आला, ओल्या टॉवेलांचा आला, आणि तू दिसलीस. दोन घट्ट वेण्या, ताठ मान, हातात ती पितळी घंटा. संपूर्ण शाळेतून घंटेसाठी तुझी निवड झाली होती, कारण तुझं मनगट हलायचं आणि बाकी काही हलायचं नाही. घरी तू मला दिवसभर 'टिटवे, टिटवे' म्हणून हाका मारायचीस (मी टिवटिव करत तुझ्या मागे असायचे म्हणून), पण शाळेत लाडकी नावं बंद. तिथे तू व्हरांड्यातून जाताना माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायचीस आणि घंटा द्यायचीस, आणि मी इतर मुलींसारखीच हातातलं खाली ठेवून उभी राहायचे. मला त्याचं वाईट नाही वाटायचं. उलट मी शेजारच्या मुलीला कोपराने ढोसून सांगायचे की ती माझी बहीण आहे. असो. मी 'घंटा' ठेवून घेतली.

आणि सगळ्या गोंधळाची सुरुवात तिथेच झाली. पण ते कळायला माझ्यासारखी बाई, पुलांचा तपासनीस, हाडांचा डॉक्टर आणि एक संशोधक मुलगी, एवढे सगळे असून फार वेळ लागला.

कारण डबी वाजली की मी काय करत असणार, तुला वेगळं सांगायला नकोच. घंटा झाली की उभं राहायचं. आणि विचारलेल्या प्रश्नाला बसून उत्तर देणाऱ्या मुलीचं काय होतं, तेही आपल्याला माहीत आहे. तेव्हा मी विणत बसलेली असो, जेवत असो, कपाळावर ओलं फडकं ठेवून पडलेली असो, टण्ण झालं की मी उभी. खुर्चीचा हात धरायचा, उजव्या पायावर भार घ्यायचा, डाव्यातून कळ थेट दातांपर्यंत जायची, चष्मा शोधायचा, आणि उभ्याने, सरळ, खरं खरं उत्तर द्यायचं. काय करत होतात? 'बसले होते.' किती दुखतंय? 'सात.' काय करत होतात? 'आडवी पडले होते.' किती दुखतंय? 'आठ.' खोटं एक अक्षर नाही. बसलेच होते, आणि दुखतही सातच होतं.

मोह झाला नाही असं नाही हं. मला दिसत होतं की हे सात-आठ असेच जात राहिले तर डॉक्टर सुरी काढणार, मी महिनोन्महिने खाटेवर, तू तिकडे डोळे धरून माझी वाट बघणार, आणि आपण दोघी दोन गावांत एकमेकींसाठी खोळंबून राहणार. एकदा मी 'तीन'वर बोट नेलंही. पण नीट बघते तर काय, डबीच्या काचेत माझाच चेहरा, आणि तो हुबेहूब मोठ्या मदरसारखा दिसत होता. सात दिले.

बाहेर तर फारच मजा. बसमध्ये वाजली, मी उभी राहिले, उत्तर देऊन बसायला वळते तो माझ्या जागेवर एक तरुण गृहस्थ, मला दुवा देत बसलेला. वाचनालयाचं तुला सांगायलाच हवं. मी अजून आठवड्यातून दोन सकाळी तिथे पुस्तकं द्यायला-घ्यायला बसते. सकाळी तिथे सगळे पेन्शनर म्हातारे येतात, एकेक पेपर चौघांत वाटून वाचतात. त्या शांततेत डबी वाजली. मी उठले, दोन्ही हातांत डबी धरून, मान खाली घालून, वेदनेने डोळे बारीक करून उत्तर देत उभी राहिले. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. बघते तर सगळे उभे! कुणी टोपी काढली होती, एकाने पेपर छातीशी धरला होता. त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं आणि दोन मिनिटं स्तब्धता आहे. मी खूण करून बसा म्हटलं, तर त्यांना वाटलं श्रद्धांजली संपली. खिडकीजवळचे निवृत्त पोस्टमास्तर हळूच टेबलाशी आले आणि कुजबुजले, "बाई, कोण?" आता मी काय सांगू? म्हटलं, "गुडघा." त्यांनी दोन्ही हात जोडले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, पुन्हा सगळे उभे. त्यानंतर मास्तर घरी जाऊन म्हणाले म्हणे की हल्ली वाचनालयात जाववत नाही, रोज कुणी ना कुणी जातंय.

ह्यांचं म्हणशील तर ह्यांनी डबीला 'तुझ्या सासूबाई' म्हणायला सुरुवात केली. "माझ्या आईनेसुद्धा तुला दिवसातून इतक्यांदा काय करतेस विचारलं नव्हतं." मी म्हटलं, सासूबाईंनी कधी दुखतंय का हेही विचारलं नव्हतं, ही निदान विचारते. त्यावर ते पेपरामागे गेले. पण माझ्या उभं राहण्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, कारण त्यांना ते दिसतच नव्हतं. लग्न झाल्यापासून दाराची बेल, फोन, कुकर, गजराचं घड्याळ, सगळ्याला मी उभी राहत आले आहे. नवऱ्याला बायकोचं रोजचं काय दिसतं?

तळाच्या चौकोनात मी सुरुवातीला काही लिहीत नव्हते. मग मला ते उद्धट वाटू लागलं. कुणी आपल्याला इतक्या आपुलकीने चार प्रश्न विचारतं आणि आपण 'नाही' म्हणून तोंड मिटायचं? तेव्हा मी लिहू लागले. आधी 'आपली कृपा' वगैरे. मग तुझ्याबद्दल. की माझी थोरली बहीण एकटी असते, तिला जिन्याच्या पायऱ्या आता दोन-दोन दिसतात, ती त्यातल्या नेमक्या खोट्या पायरीवर पाय ठेवेल अशी मला भीती वाटते. चौकोनात जागा कमी असते, बहुतेक वेळा वाक्य अर्ध्यात तुटायचं, मग पुढच्या घंटेला उरलेलं.

तर शेवटी निकालाचा दिवस. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही दोघं, ते, आणि लॅपटॉप घेऊन आकडेवाली. तिचा चेहरा उतरला होता. तिने पडद्यावर माझा गुडघा दाखवला, म्हणजे आलेख. डोंगर-दऱ्या असायला हव्यात ना? माझं सगळं पठार, सात आणि आठ. ती म्हणाली, काकू बसलेल्या असताना सात, झोपलेल्या असताना आठ, आणि गंमत म्हणजे 'उभी होते, भांडी लावत होते' असं एकदाच आहे, तिथे तीन. असं कुणाचंच नसतं. डॉक्टर म्हणाले, "बसून सात. स्पष्ट आहे. ऑपरेशन." आणि त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. ह्यांनी माझा हात हातात घेतला. (लोकांसमोर! तू असायला हवी होतीस.) मी विचारलं की आधी बहिणीकडे जाऊन आले तर चालेल का, तिचा डोळा माझ्यासाठी थांबला आहे. डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. पेनचं टोपण काढलं.

आणि माझ्या पर्समध्ये टण्ण झालं.

मी उठले. खुर्ची खोल होती, डॉक्टरांचं टेबल धरावं लागलं, त्यावरचा प्लास्टिकचा गुडघा खाली पडला, कळ आली, मी दात आवळले, चष्मा लावला, सरळ उभी राहिले आणि काय करत होतात याचं उत्तर द्यायला लागले: 'बसले होते.' खोलीत इतकी शांतता झाली की मला वाटलं इथेही आता सगळे उभे राहतात की काय.

आकडेवाली म्हणाली, "काकू, तुम्ही उभ्या का राहिलात?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "अगं, घंटा झाली ना."

"दर वेळी?"

"म्हणजे काय! बसून का उत्तर द्यायचं?"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डॉक्टरांनी पेनचं टोपण परत लावलं. आणि तुझे मेहुणे, ज्यांनी चाळीस वर्षं पुलांमधले तडे शोधले, ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं आत्ताच लग्न ठरलं आहे. "अगं," म्हणाले, "तू उठतेस म्हणून दुखतं, आणि दुखतंय का हे सांगायला तू उठतेस?" मी म्हटलं, असं मांडलं तर तसं दिसतं खरं. डॉक्टर हसले. मला माहीतच नव्हतं की त्यांना दात आहेत. मुलगी मात्र रडायच्या बेतात होती, तिचं सगळं माप वाया गेलं होतं. मी तिला जवळ घेऊन म्हटलं, माझं चुकलं गं. तर म्हणाली, "नाही हो काकू, माझंच. मी सूचनांच्या कागदावर सगळं लिहिलं, पण उभं राहू नका असं लिहायचं मला सुचणार तरी कसं?" आता तिने ते वाक्य घातलं आहे बरं का. पहिल्याच ओळीत, ठळक: घंटा वाजेल तेव्हा असाल तसेच राहून उत्तर द्यावे. ते माझ्यामुळे आहे. शाळेच्या कपाटात तुझ्या वह्या होत्या, तसं माझंही एक वाक्य आता कुठेतरी लागलं आहे.

डॉक्टरांनी पहिल्यापासून पुन्हा मोजायला सांगितलं. आणि तिथे खरी परीक्षा सुरू झाली, ताई. बसून राहणं! आवाज बदलू का असं आकडेवालीने विचारलं होतं, पण घंटा सोडून मला दुसरं ऐकूच येत नाही. घरी आल्यावर पहिली घंटा झाली आणि मी खुर्चीचे हात धरून अर्धी वर. ह्यांनी ओरडून सांगितलं, "बस!" बसले. पण बोट चालेना. वाटलं मागे कुणीतरी उभं आहे आणि माझ्या वहीत बघतंय. मी म्हटलं, अहो, मला नाही जमत, सगळं आयुष्य उभी राहिले, आता कुणी विचारतंय आणि मी लोळत उत्तर देऊ? मग त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढून वर ठेवला, आणि उठून उभे राहिले. सरळ, हात बाजूला, शाळेतल्या मुलासारखे. म्हणाले, "कुणीतरी उभं राहिलं म्हणजे झालं ना तुझ्या मदरचं? आता दे उत्तर."

ताई, मी दिलं. बसून. किती दुखतंय? 'दोन.'

तेव्हापासून हे असंच चाललंय. टण्ण झालं की मी बसलेली आणि हे उभे. दाढी करताना साबणाच्या फेसासकट उभे राहिले. जेवताना घास हातात धरून उभे राहिले. वाचनालयात माझ्यासोबत यायला लागले आणि टेबलाशेजारी उभे राहिले, तेव्हा सगळे म्हातारे पुन्हा उठले; पोस्टमास्तरांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं. चौकोनात मी खरं तेच लिहायचं म्हणून लिहीत गेले: 'हे उभे आहेत.' पुढच्या वेळी पुन्हा: 'हे उभे आहेत.' आकडेवालीचा फोन आला, "काकू, काका बसत का नाहीत? त्यांना काही त्रास आहे का?" सांगितलं तिला. मग म्हणाली की एक गोष्ट तिने पाहिली होती, तिला वाटलं होतं माझं बोट घसरत असेल. पहिल्या खेपेला मी सदोदित मधला चेहरा निवडला होता. आता जिथे जिथे 'हे उभे आहेत' आहे, तिथे त्याच्या पुढचा, जरा हसरा. मला स्वतःला पत्ता नव्हता. तिला म्हटलं, हे संशोधनात येईल का? ती म्हणाली, यायला हवं, पण याला नाव काय द्यायचं ते कळत नाही. ह्यांना मी हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, उगाच ताठतील, आधीच कंबर धरली आहे.

थोडक्यात, पठार जाऊन दऱ्या आल्या. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन नाही. व्यायाम. काठी. जा." ह्यांनी त्यांच्याकडून ते लिहून घेतलं, सहीसकट, आणि दाराशी येऊन जाहीर केलं, की पूल खुला, पण हलक्या वाहनांनाच. मी बॅग पुन्हा भरली आहे. स्वेटर वरच्या खणात होते. पुढच्या आठवड्यात निघतो.

शिंपीणबाई, तुम्ही वाचत असाल तर इथवर वाचलंत याबद्दल तुमचे फार आभार. खालचं ताई स्वतः वाचेल. तिला तेवढं भिंग द्या.

तुझी,
धाकटी

ता. क. 'निघतो' म्हटलं ते तुझ्या लक्षात आलं असेल. हेही येताहेत. मी एकटी येते म्हटलं, तर म्हणाले, "मग तिकडे उभं कोण राहणार?" त्यांना खिडकीजवळची खुर्ची दे, आणि तुझ्या जिन्याचा कठडा ठोकून बघतील तेव्हा दुर्लक्ष कर. तुझ्या त्या दोन-दोन पायऱ्यांवर ते आधीच चुन्याच्या रेघा मारायच्या गोष्टी करताहेत.

आणखी एक. मी येईपर्यंत थांबू नकोस. डोळ्याच्या डॉक्टरांकडे तारीख आजच घे, शिंपीणबाईंना फोन लावायला सांग. तारीख ठरल्याचं कळेपर्यंत मी जिना चढणार नाही, खाली शिंपीणबाईंच्या दुकानात बसून राहीन. आणि मला आता बसता येतं.

आता घंटा. एवढं मोठं पत्र मी खरं म्हणजे एवढ्यासाठी लिहिलं. ताई, ती घासलेली घंटा उशाशी ठेवू नकोस. तू वाजवलीस की मी उभी राहीन, त्यात मला जराही शंका नाही, तुझ्या घंटेला तर हेसुद्धा माझ्याऐवजी उभे राहू शकणार नाहीत. पण मी उभीच राहीन, जिथल्या तिथे, गुडघा धरून, आणि तू तिकडे पट्टीखाली वाट बघत राहशील. घंटा कपाटात ठेव आणि मला हाक मार. शाळेत मारता यायची नाही ती. तिथे आता मदर नाहीत, व्हरांडा नाही, आणि पट्टी असल्यामुळे माझ्या डोक्यावरून पलीकडे तुला बघताही येणार नाही. 'टिटवे' म्हण. मी बसल्या जागेवरून आधी 'ओ' देईन, मग सावकाश येईन.